फाडायची राहून गेलेली चिठ्ठी : टीटीपी, आरएनए आणि आईचे सांधे

नदीकाठची

आईला आमवात होऊन नऊ वर्षं झाली. सकाळी उठल्यावर तासभर तिची बोटं मिटत नाहीत. कणीक मळायची तर आधी कोमट पाण्यात हात बुडवून बसावं लागतं. कुकरचं झाकण बाबा लावून देतात. दुसऱ्या वर्षी मनगट एवढं सुजलं की पाटल्या सोनाराकडे जाऊन कापून काढल्या. त्या कापलेल्या पाटल्या अजून कपाटात रुमालात बांधून ठेवल्या आहेत, मोडीत द्यायला ती तयार नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन, हे बाण मी दरवर्षी फळ्यावर काढते. पण मधल्या आरएनएचं काम झाल्यावर तो जातो कुठे, हे इतक्या वर्षांत एकाही मुलानं विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. गेल्या मे महिन्यात पेरी ब्लॅकशिअर या अमेरिकी शास्त्रज्ञांचं काम वाचायला घेतलं आणि कळलं की आईच्या दुखण्याचा एक मोठा धागा नेमका या न विचारलेल्या प्रश्नात आहे. ते सगळं एका जागी मराठीत लिहावं म्हणून हा धागा काढते आहे. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी थोडं मागे जाते. जंतू आत शिरला की मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याचा एखादा तुकडा ओळखतात आणि टीएनएफ हे प्रथिन बाहेर सोडतात. टीएनएफमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, आणखी पेशी धावून येतात, ती जागा लाल होते, गरम होते, सुजते. हाच दाह. हे प्रथिन बनवायचं तर टीएनएफच्या जनुकाची आरएनए प्रत निघावी लागते. ही प्रत म्हणजे कामाची चिठ्ठी समजा. चिठ्ठी जोवर शाबूत आहे तोवर तिच्यावरून प्रथिन बनत राहतं.

१९८६ साली दोन गटांच्या एक गोष्ट लक्षात आली. या चिठ्ठीच्या शेपटाला, जिथला मजकूर प्रथिनासाठी वाचलाच जात नाही तिथे, ए आणि यू ही दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एयूयूयूए, एयूयूयूए, अशी. ग्रे शॉ आणि रॉबर्ट कामेन यांचा प्रयोग मला फार आवडला. त्यांनी दुसऱ्या एका दाहक प्रथिनाच्या जनुकातला असा ५१ अक्षरांचा तुकडा घेतला आणि सशाच्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकाला शेवटी जोडला. ग्लोबिनचा आरएनए तसा चिवट, तासन्‌तास टिकणारा. हे शेपूट लागताच तो भराभर नाहीसा होऊ लागला. म्हणजे ‘मला लवकर फाडा’ ही सूचना चिठ्ठीवरच लिहिलेली असते. पण ती वाचून फाडतं कोण, हे तेव्हा माहीत नव्हतं.

ब्लॅकशिअर हे कोडं सोडवायला निघालेच नव्हते. त्यांचा विषय इन्सुलिन. पेशींना इन्सुलिन दिल्यावर कोणती जनुकं झटपट जागी होतात, हे शोधताना १९९० मध्ये त्यांच्या गटाला एक प्रथिन मिळालं. त्यात प्रोलिन हे अमिनो आम्ल सलग चार वेळा, आणि असं तीन ठिकाणी. म्हणून नाव ट्रिस-टेट्रा-प्रोलिन, थोडक्यात टीटीपी. काम काय ते ठाऊक नाही, म्हणून फक्त दिसण्यावरून नाव ठेवलं. गावात नव्या आलेल्या माणसाला ‘तो उंच’ म्हणावं तसं.

मग नॉर्थ कॅरोलिनातल्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य विज्ञान संस्थेत त्यांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. १९९६ चा तो शोधनिबंध मी दोनदा वाचला. पिल्लं जन्मताना धडधाकट. पण काही आठवड्यांतच त्यांचं वजन वाढेनासं होतं, अंगावरची चरबी जाते, कातडी आणि डोळे दाहानं लाल होतात, आणि पुढच्या पंजांचे सांधे सुजून झिजतात. लहानपणापासूनच अशा पिल्लांना टीएनएफ अडवणारी प्रतिपिंडं टोचली, तर यातलं जवळजवळ काहीच होत नाही. इन्सुलिनच्या वाटेवर सापडलेलं प्रथिन, आणि ते नसलं तर आजार होतो सांध्यांचा!

१९९८ मध्ये याचं कारण हाती लागलं. टीटीपी त्या ए-यू शेपटाला जाऊन चिकटतं आणि टीएनएफची चिठ्ठी नष्ट करवतं. टीटीपी नसलेल्या मॅक्रोफेजमध्ये ही चिठ्ठी सुमारे दुप्पट वेळ टिकते. पुढच्याच वर्षी अथेन्सच्या जॉर्ज कोलियास यांच्या गटानं उलट बाजूनं तेच करून दाखवलं. त्यांनी टीटीपीला हात लावला नाही, उंदराच्या टीएनएफ जनुकातलं फक्त ते शेपूट कापलं. त्या उंदरांनाही सांध्यांचा दाह झाला, शिवाय क्रोन्सच्या आजारासारखा आतड्याचा दाहही.

या उंदरांना बाहेरून जंतू टोचला नव्हता. टीएनएफ प्रथिनाच्या मजकुरातही एका अक्षराची चूक नव्हती. चिठ्ठी वेळेवर फाडली जात नव्हती, एवढंच. आईचं शरीर स्वतःलाच आग लावतंय, असंच मी नऊ वर्षं समजत होते. आग लागणं आणि विझायचं राहून जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या उंदरांनी दाखवलं.

साधना_काकू

मेघा, आईला आधी माझा नमस्कार सांग. तुझ्या आईएवढीच असेन मी, माझेही गुडघे बोलतात, पण माझा झिजेचा संधिवात, तिचा वेगळा. इतकं सोपं करून लिहिलंस की दोनदा चष्मा न पुसता वाचून काढलं.

दोन प्रश्न आहेत. ही चिठ्ठी फाडणारी टीटीपी पेशीत कायमची बसलेली असते की गरजेला येते? आणि आमच्याकडे सगळे सांगतात की हळदीनं दाह कमी होतो, तर हळद या टीटीपीला मदत करते का?

पेशी_न_पेशी

काकू, पहिला प्रश्न फार नेमका विचारलात. मी पुण्यात पीएचडी करताना पाच वर्षं मॅक्रोफेजमधल्या आरएनएवरच काम केलं, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

टीटीपी शांत पेशीत अगदी थोडं असतं. ज्या हाकेनं टीएनएफची चिठ्ठी निघते, त्याच हाकेनं टीटीपीचीही निघते. आग लावायचा आणि विझवायचा हुकूम एकाच वेळी सुटतो, विझवणारा थोडा मागून पोचतो. आणखी गंमत अशी की टीटीपीच्या स्वतःच्या चिठ्ठीलाही तेच ए-यू शेपूट आहे. म्हणजे टीटीपी पुरेसं झालं की ते आपलीही चिठ्ठी फाडतं. ब्लॅकशिअर यांच्या गटानं २०१६ मध्ये उंदरात नेमकं हे शेपूट काढलं. तेव्हा टीटीपी नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात राहिलं आणि ते उंदीर प्रयोगात घडवलेल्या सांधेदाहापासून, सोरायसिससारख्या त्वचादाहापासून बऱ्यापैकी बचावले. १९९६ च्या उंदरांची ही दुसरी बाजू. मध्ये वीस वर्षं गेली.

टीटीपी स्वतः कात्री नाही, हे मात्र धाग्यात भर घालून सांगतो. आरएनएच्या टोकाला ए ए ए अशी लांब शेपटी असते, ती चिठ्ठीचं रक्षण करते. टीटीपी एका हातानं ए-यू भाग धरतं आणि दुसऱ्या हातानं सीसीआर४-नॉट नावाच्या प्रथिनसमूहाला बोलावतं. तो समूह ही रक्षक शेपटी कुरतडतो. शेपटी गेली की उरलेला आरएनए इतर एन्झाइम खाऊन टाकतात.

हळदीबद्दल. हळदीतल्या कर्क्युमिननं पेशींमधले दाहाचे मार्ग दबतात असे पेट्रीडिशमधले प्रयोग भरपूर आहेत. पण ते पोटातून रक्तात फारच थोडं शोषलं जातं, आणि डिशमधल्या पेशीला मिळतो तेवढा डोस सांध्यापर्यंत पोचत नाही. जेवणात हळद असू द्या. औषधाच्या जागी मात्र नको, ही कळकळीची विनंती.

नदीकाठची

पेशी, मनापासून आभार. चिठ्ठी किती वेळ टिकते हे मोजतात कसं, तेही लिहाल का? निबंधात आलेख दिसतो, पण हातानं काय करतात ते कळत नाही. मुलांना सांगायला हवं आहे.

पेशी_न_पेशी

आनंदानं.

उंदराच्या मांडीच्या हाडातली मज्जा सुईनं धुऊन काढायची, आठवडाभर वाढवायची, म्हणजे मॅक्रोफेज तयार होतात. मग जिवाणूच्या आवरणातला एलपीएस हा पदार्थ घालायचा. पेशीला वाटतं जंतू आला, ती टीएनएफच्या चिठ्ठ्या काढायला लागते. ठरलेल्या वेळी ॲक्टिनोमायसिन डी घालायचं. यानं नव्या चिठ्ठ्या निघणं थांबतं. आता आहेत तेवढ्याच उरल्या. तिथून घड्याळ सुरू. शून्य मिनिटं, पंधरा, तीस, साठ, प्रत्येक वेळी एक डिश उचलायची, माध्यम ओतून द्यायचं आणि ट्रायझॉल ओतायचं. गुलाबी रंगाचं, फिनॉलच्या उग्र वासाचं द्रावण. त्यात पेशी फुटतात आणि आरएनए जिथल्या तिथे शाबूत राहतो. शेवटी प्रत्येक नळीत टीएनएफचा आरएनए किती उरला ते मोजायचं आणि निम्मा व्हायला किती वेळ लागला ते काढायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण आरएनए खाणारी एन्झाइम आपल्या बोटांवर, श्वासात, टेबलावर सगळीकडे असतात. पहिल्या वर्षी माझे तीन महिन्यांचे नमुने असेच वाया गेले. मी फ्रीजचं दार हातमोजा घालून उघडायचो आणि त्याच हातमोज्यानं नळी धरायचो. जेलवर दोन स्वच्छ पट्टे दिसायच्या ऐवजी खाली धूसर ढग यायचा. आमच्या मॅडमनी शेजारी उभं राहून एक दिवस नुसतं पाहिलं आणि दाराच्या मुठीकडे बोट केलं. त्यानंतर मी फ्रीजला कधी हातमोज्यानं शिवलो नाही.

तुमच्या मुलांना हेही सांगा की नव्वदच्या दशकात हे मोजमाप नॉर्दर्न ब्लॉटवर व्हायचं, म्हणजे जेलवरचा आरएनए पडद्यावर उतरवून किरणोत्सारी खुणेनं हवा तो शोधायचा. एका आलेखामागे कित्येक दिवस.

केमिस्ट_दादा

माझं औषधाचं दुकान आहे, सातारा जिल्ह्यात. विज्ञानातलं निम्मंच कळलं, पण आमवाताची औषधं रोज देतो म्हणून एक गोष्ट लिहितो, धाग्याबाहेरची वाटली तरी चालेल.

मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदा असते. रोज नाही. एका मावशींच्या घरच्यांनी दुसऱ्या गावातून आणलेल्या पाकिटावर ‘१-०-०’ लिहिलेलं होतं, आणि त्या आठ दिवस रोज घेत होत्या. तोंडात फोड आले, गिळता येईना, म्हणून माझ्याकडे जेल मागायला आल्या आणि योगायोगानं पाकीट पिशवीत होतं. लगेच रुग्णालयात पाठवलं, वाचल्या. तेव्हापासून मी पाकिटावर वाराचं नाव लाल शाईनं लिहितो. ‘फक्त रविवार’. आणि फॉलिक ॲसिड त्या वारी नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी. घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आत्ता उठून पाकीट बघा.

प्रश्न : प्रेडनिसोलोन दिली की दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. या तुमच्या चिठ्ठीचा आणि स्टेरॉइडचा संबंध आहे का?

नदीकाठची

दादा, आईची गोळी रविवारचीच. तुमचं वाचून तरी उठून पाहिलं. तुम्ही लिहिलंत ते धाग्याबाहेरचं अजिबात नाही.

रानवारा

दादांच्या प्रश्नाला माझाही एक जोडतो. टीटीपी एवढं कामाचं आहे हे नव्वदच्या दशकातच कळलं, मग त्याचं औषध का नाही आलं? टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं आली, ती परवडत नाहीत म्हणून माझ्या भावानं मध्येच सोडली. चिठ्ठीच फाडली तर प्रथिन बनल्यावर त्याच्या मागे धावायची वेळ येणार नाही ना?

पेशी_न_पेशी

दोघांची उत्तरं एकाच ठिकाणी भेटतात.

टीटीपी असलं म्हणजे काम करतंच असं नाही. दाह चालू असताना पेशीत पी३८ नावाचा किनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम, जागा असतो. तो एमके२ या दुसऱ्या किनेजला जागं करतो आणि एमके२ टीटीपीवर दोन ठिकाणी फॉस्फेट चिकटवतो. फॉस्फेट लागलेलं टीटीपी ‘१४-३-३’ या प्रथिनांच्या कवेत अडकतं आणि सीसीआर४-नॉटला नीट बोलावू शकत नाही. चिठ्ठी शाबूत राहते. संसर्ग खराच असेल तर हे बरोबरच आहे. जंतू समोर असताना चिठ्ठी फाडून कसं चालेल? जंतू गेला, पी३८ शांत झाला, पीपी२ए सारख्या फॉस्फटेजनी ते फॉस्फेट काढले, की टीटीपी मोकळं.

आता स्टेरॉइड. त्यांची कामं अनेक आहेत, त्यातलं एक असं की ती डस्प१ नावाचं प्रथिन वाढवतात. डस्प१ पी३८ ला झोपवतं. म्हणजे दादांच्या दुकानातली ती छोटी गोळी इतर गोष्टींबरोबर टीटीपीचे हातही सोडवते.

मग सरळ पी३८ च बंद करणारं औषध का नको? हाच विचार मोठमोठ्या कंपन्यांनी केला. अनेक पी३८ रोधक आमवाताच्या रुग्णांवर तपासले गेले. रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह किती आहे ते दाखवणारं प्रथिन, सुरुवातीला उतरायचा आणि काही आठवड्यांत पुन्हा वर यायचा, यकृताला त्रास व्हायचा, सांध्यांना म्हणावा तसा फायदा नाही. पी३८ दुतोंडी आहे हे त्याचं एक कारण मानतात. तो टीटीपीचे हात बांधतो, पण टीटीपी बनायला आणि टिकायलाही तोच लागतो. त्याला मारलं की विझवणाऱ्याचाही पुरवठा कमी होतो. मला हा भाग संपूर्ण विषयातला सगळ्यात शिकवणारा वाटतो. दाह लावणारे आणि दाह विझवणारे पेशीत दोन वेगळ्या खोल्यांत बसत नाहीत.

म्हणून आता दुसरी वाट चाचपतात, पीपी२ए ला चालना देऊन फॉस्फेट काढायची. ब्रिटनमधल्या ॲण्ड्र्यू क्लार्क यांच्या गटानं २०१७ मध्ये उंदरांत अशा संयुगांनी सांधेदाह कमी झाल्याचं दाखवलं. माणसासाठीचं औषध अजून दूर आहे.

रानवारा, भावाला औषध सोडलंय हे डॉक्टरांना सांगायला लावा. लाजेनं लोक सांगत नाहीत. भारतात बनलेली, तुलनेनं स्वस्त रूपं आता मिळतात. डॉक्टरांना कळलं तर ते पर्याय सुचवतील.

देवदत्त_ह्यूस्टन

उत्तम चर्चा. थोडी भर. चिठ्ठी फाडणारं टीटीपी एकटं नाही. ओसाकाच्या शिझुओ अकिरा यांच्या गटानं २००९ मध्ये रेग्नेज-१ दाखवलं. ते तर स्वतःच कात्री आहे, आयएल-६ या दुसऱ्या दाहक प्रथिनाच्या आरएनएला ते स्वतः कापतं. ते नसलेले उंदीर बहुतेक बारा आठवड्यांच्या आत मेले. त्याआधी २००५ मध्ये कॅनबेरात रॉक्विन सापडलं, त्यातल्या एका अक्षराच्या बदलानं उंदरांना ल्यूपससारखा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार होतो. ही दोघंही आरएनएमधली एकाच प्रकारची घडी ओळखतात, हेअरपिनसारखी, पण पेशीत वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी काम करतात.

जाता जाता : भिगवणला १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड योजनेतून. ब्लॅकशिअर यांचे उंदीरही त्याच वर्षीचे. माझं आजोळ भिगवणजवळ आहे, म्हणून हे साल मनात राहिलं. आजीच्या वेड्यावाकड्या बोटांना घरात सगळे ‘वात’ म्हणायचे, नेमका कोणता वात ते कधी कुणी विचारलं नाही.

नदीकाठची

हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिनं मध्ये दोनदा थांबवलं. शेवटी विचारलं, “मग माझ्यात ते फाडणारं कमी आहे का?” मला उत्तर देता आलं नाही.

दुसरं म्हणजे डॉक्टरांनी आता टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुचवलं आहे आणि त्याआधी क्षयाची तपासणी सांगितली आहे. तिला खोकला नाही, ताप नाही, तरी का, म्हणून ती जरा घाबरली आहे.

पेशी_न_पेशी

ताई, मावशींना सांगा, बहुधा कमी नसावं. आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांचं अस्तर तपासलं तर टीटीपी चांगलं भरपूर सापडतं. पण तिथे पी३८ ही जागा असतो, म्हणून टीटीपीवर फॉस्फेट लागलेले असावेत असं मानतात. उंदरांच्या बाबतीत टीटीपी मुळातच नव्हतं, माणसांत ते हजर आहे पण त्याला काम करू दिलं जात नसावं. मूळ दाह कशानं पेटतो ही कारणं वेगळी, त्यात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं आली, आनुवंशिकता आली, तंबाखूचा धूर आला. टीटीपी हा त्यातला विझवण्याकडचा भाग.

क्षयाच्या तपासणीचं कारण याच धाग्यात आहे. आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या फुफ्फुसात क्षयाचे जंतू निजलेले असतात. पेशींनी त्यांच्याभोवती कडं केलेलं असतं आणि ते कडं टिकायला टीएनएफ लागतं. इंजेक्शननं टीएनएफ अडवलं की कडं सैल होऊन जंतू उठू शकतात. २००१ मध्येच हे लक्षात आलं, तेव्हापासून आधी हातावर टोचून करायची मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा चाचणी आणि छातीचा एक्स-रे करतात. निजलेला क्षय निघाला तरी इंजेक्शन रद्द होत नाही, आधी त्याचं औषध सुरू करतात. घाबरायचं कारण नाही, डॉक्टर योग्य क्रमानं चालले आहेत.

साधना_काकू

मावशींना म्हणावं, मी मॅन्टू केलेली आहे. मुंगी चावल्याएवढं दुखतं. मात्र ४८ ते ७२ तासांत हात दाखवायला परत जावं लागतं, ते विसरू नका. आमच्या शेजारची एकदा गेलीच नाही, सगळं पुन्हा करावं लागलं.

नदीकाठची

काकू, तेवढ्याचसाठी सोमवारी टोचून घ्यायचं ठरवलं, म्हणजे बुधवारी मला दुपारनंतर कॉलेजातून निघता येईल. पेशींचं उत्तर आईला वाचून दाखवलं. “आहे ना घरात, मग ठीक,” म्हणाली आणि पाटल्यांचा रुमाल पुन्हा कपाटात सरकवला. मला वाटतं ती तो बाहेर काढून बसली होती.

बुधवारी काय निघतं ते इथेच लिहीन.